लेक मिशिगनच्या काठी आठवडाभर: गाव एक, पाणी दोन

"आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. मुलं पाच आणि अकरा वर्षांची. या उन्हाळ्यात सासू-सासरे भारतातून येतायत, सासूबाईंचे गुडघे दुखतात. लेक मिशिगनच्या पूर्व काठावरची बीचची छोटी गावं करायची आहेत: सेंट जोसेफ, साउथ हेवन, सॉगटक, ग्रँड हेवन, लडिंग्टन आणि शेवटी ट्रॅव्हर्स सिटी. प्रत्येक ठिकाणी एक रात्र, जमलं तर कुठे दोन. कसा वाटतो बेत?"

नकाशावर सुरेख दिसतो, पण मोडा. सहापैकी एकच गाव निवडा आणि आठवडाभर तिथेच बूड टेका.

मी या किनाऱ्यावर बारा उन्हाळे दुसऱ्यांची कॉटेजेस सांभाळली आहेत. बुकिंग घ्यायचं, शनिवारी सकाळी दहाला एक कुटुंब निघालं की चारच्या आत घर झाडून-पुसून दुसऱ्या कुटुंबासाठी लावायचं, आणि रात्री अकराला "गरम पाणी येत नाही" म्हणून फोन आला की तो घ्यायचा, असं ते काम. त्या काळात आपली बरीच मराठी कुटुंबं येऊन गेली. आल्याआल्या घराकडे बघून खूश होणारी आणि आठवड्याने खरंच विश्रांती घेऊन परत जाणारी यांच्यात फरक कशाचा असतो, ते मला दिसत आलंय. पैशाचा नसतो. गावाच्या नावाचा तर मुळीच नसतो.

रोज सकाळी सहा माणसांच्या बॅगा भरायच्या, दहाला खोली सोडायची, पुढची खोली चारपर्यंत मिळत नाही म्हणून ओले कपडे आणि आजी-आजोबा गाडीत घेऊन फिरायचं, हे एकदा ठीक आहे. सहा वेळा केलंत तर सासूबाई तिसऱ्या दिवशी म्हणतील, "तुम्ही जा, मी बसते गाडीतच." शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये बरीचशी चांगली घरं शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. एकेका रात्रीसाठी मोटेलच्या दोन खोल्या घ्याव्या लागतील, आणि सात दिवसांचा हिशेब मांडलात तर स्वयंपाकघर असलेलं अख्खं घर पुष्कळदा फार महाग पडत नाही.

पण यापेक्षा मोठं कारण वारा आहे, आणि ते शिकागोत वर्षानुवर्षं राहणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही.

लेक मिशिगन उत्तर-दक्षिण ३०० मैलांहून लांब, ११८ मैलांपर्यंत रुंद आणि सर्वांत खोल जागी ९२३ फूट आहे. त्याला तळं म्हणायचं ते गोड्या पाण्यामुळे, वागणूक समुद्राची. वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. हजारो वर्षं त्याने वाळू उडवून पूर्व काठावर टेकड्या रचल्या, म्हणून मिशिगन राज्याच्या बाजूला असे बीच आहेत. उन्हाने तापलेलं वरचं पाणीही तो याच काठाकडे ढकलतो, त्यामुळे इथलं पाणी पलीकडच्या विस्कॉन्सिनपेक्षा सहसा ऊबदार असतं. जुलैच्या शेवटी दक्षिणेकडच्या गावांत ते ७० फॅरनहाइटच्या आसपास जातं. मग एखाद्या दिवशी वारा फिरतो. उत्तरेचा किंवा पूर्वेचा वारा टिकून वाहिला की वरचं ऊबदार पाणी आत ढकललं जातं आणि त्याच्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. काल ज्या पाण्यात मुलं दोन तास डुंबत होती, त्यात आज घोटे बुडवले तरी हाडं दुखतात. आकाश निळं, ऊन कडक, आणि पाणी पन्नाशीत! पाहुणे मला फोन करून विचारायचे, "काही बिघडलंय का?" जणू बॉयलर माझ्याच हातात होता.

दुसऱ्या टोकाला, वायव्येचा जोरदार वारा सुटला की लाटा चार-सहा फुटांच्या होतात आणि बीचवर लाल झेंडा लागतो. म्हणजे आठवड्यातले दोन-तीन दिवस मोठ्या तळ्यात उतरता येणार नाही असं धरूनच चाला. तुमच्या बेताप्रमाणे गावात एकच दिवस असेल आणि तो नेमका असा निघाला, तर त्या गावात तुम्ही फक्त आइस्क्रीमचं दुकान बघाल.

म्हणून गाव निवडताना मी एकच गोष्ट आधी बघते: मोठ्या तळ्याच्या पाठीमागे, दहा-पंधरा मिनिटांवर, दुसरं लहान, उथळ, ऊबदार पाणी आहे का. या किनाऱ्याची ठेवणच अशी आहे की नद्यांच्या मुखाशी वाळू साचून मागे तळी तयार झाली आहेत. पाच वर्षांच्या मुलाला लाटा दोन दिवस आवडतात. उरलेले दिवस त्याला कमरेपर्यंतचं शांत पाणी, बादली आणि छोटे मासे हवे असतात. आजींनाही तेच हवं असतं. बाकावरून उठून चार पावलांवर पाय बुडवता आले की त्यांची संध्याकाळ झाली.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती लडिंग्टन. शिकागोहून साधारण २४० मैल, म्हणजे मध्ये थांबून पाच तास. गावातला स्टर्न्स पार्क बीच रुंद आणि सपाट आहे, पार्किंगला पैसे पडत नाहीत, आणि कडेने सरळ पदपथ आणि बाक आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पायऱ्या न चढता-उतरता तळं दिसतं. या काठावर हे वाटतं तितकं सोपं नाही. बऱ्याच ठिकाणी गाव वर कड्यावर आणि बीच खाली असतो. गावाच्या उत्तरेला लडिंग्टन स्टेट पार्क आहे, एका बाजूला लेक मिशिगन आणि दुसऱ्या बाजूला हॅमलिन लेक. हॅमलिनचा बीच उथळ आहे, आणि वायव्येच्या वाऱ्याच्या दिवशी अर्धं लडिंग्टन तिथे असतं. दोन्ही तळ्यांना जोडणारी बिग सेबल नावाची छोटी नदी आहे, तिच्यात लोक हवेच्या ट्यूबवर बसून वाहत जातात. तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला हे एकदा दाखवलंत की आठवडाभर त्याला दुसरं काही सुचवावं लागणार नाही.

आणि लडिंग्टनला बॅजर आहे. एसएस बॅजर ही कोळशावर चालणारी जुनी फेरीबोट १९५३ पासून इथे धावते. गाड्या पोटात घेऊन ती पलीकडच्या मॅनिटोवॉकला, विस्कॉन्सिनमध्ये, चार तासांत जाते. साठ मैलांचा पाण्यातला रस्ता. तिच्यात बसायची गरज नाही (चार तास जाणं, चार तास येणं, लहान मूल, विचार करा). संध्याकाळी ती परत येते तेव्हा गावातले आणि पाहुणे असे सगळे धक्क्याकडे जमतात. ती भोंगा देते, मुलं हात हलवतात. माझ्या ओळखीच्या एका आजोबांनी सातही संध्याकाळी तिची वाट पाहिली होती, घड्याळ लावून. येण्याची वेळ त्या मोसमाच्या वेळापत्रकात बघून घ्या.

दुसरी पसंती तुमच्या यादीबाहेरची, थोडी आणखी उत्तरेला: फ्रँकफर्ट आणि त्याच्या मागचं ब्यूला. फ्रँकफर्ट लेक मिशिगनवर, ब्यूला क्रिस्टल लेकवर, आणि दोन्हींमध्ये गाडीने फार तर पंधरा मिनिटं. क्रिस्टल लेकचं पाणी नावाप्रमाणे स्वच्छ आहे आणि ब्यूलाच्या गावातल्या बीचवर बरंच आत चालत गेलं तरी गुडघाभरच राहतं. त्यामागची गोष्ट मला फार आवडते. १८७३ मध्ये काही मंडळींनी या तळ्यातून लेक मिशिगनपर्यंत बोटींसाठी कालवा काढायचं ठरवलं. क्रिस्टल लेकची पातळी मोठ्या तळ्यापेक्षा बरीच वर आहे, हे गणित कुणी नीट केलं नव्हतं. बांध फुटला, पाणी सुसाट निघालं आणि तळं जवळपास वीस फूट खाली गेलं. कालवा झालाच नाही. पण पूर्वी जिथे झाडं थेट पाण्यात उतरत होती तिथे चारी बाजूंनी वाळूचा काठ उघडा पडला, आणि ब्यूला गाव त्याच जमिनीवर वसलं. तुमची मुलं जिथे किल्ले बांधतील ती वाळू एका फसलेल्या कंत्राटाची देणगी आहे.

साउथ हेवन मी नाकारत नाही. शिकागोहून दोन-सव्वादोन तास, लाल दीपगृह, गावात सगळं चालत, जुलैच्या मध्यापासून ब्लूबेरीच्या बागा. पाच तासांचा प्रवास सासऱ्यांना झेपणार नसेल तर हेच घ्या. मात्र दुसरं पाणी जवळ नाही, म्हणून पोहण्याचा तलाव असलेलं घर किंवा हॉटेल बघा. सॉगटक दिवसभरासाठी छान आहे, मुक्कामासाठी नाही. चित्रांची दुकानं, खाणावळी, गर्दी. पाच वर्षांच्या मुलाला त्यात काय? तिथली साखळीने ओढायची नाव मात्र चुकवू नका: कलामझू नदीवर १८३८ पासून लोकांना पलीकडे नेणारी, हाताने चाक फिरवून चालणारी. मुलांना चाक फिरवायला देतात. पलीकडे माउंट बाल्डहेड या टेकडीला तीनशेवर पायऱ्या आहेत. मोठ्या मुलाला घेऊन तुमच्यापैकी एकाने जावं, बाकीच्यांनी नदीकाठी बसावं. ग्रँड हेवनला जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला कोस्ट गार्ड फेस्टिव्हल असतो, तेव्हा गावात गाडी हलत नाही. ट्रॅव्हर्स सिटीचा चेरी फेस्टिव्हल जुलैच्या सुरुवातीला आठ दिवस चालतो. आणि खरं सांगायचं तर ट्रॅव्हर्स सिटीला आता छोटं गाव म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

तारखेचं म्हणाल तर पाणी ऊबदार हवं असेल तर जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचा मध्य. जूनमध्ये घरं स्वस्त असतात, पण पाणी थंडगार. चार जुलैचा आठवडा टाळा. फटाके बघायचेत म्हणून आलात तर गोष्ट वेगळी. अजून एक खिडकी आहे: मिशिगनमधल्या कायद्याप्रमाणे सरकारी शाळा लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुरू करायच्या असतात, पण बऱ्याच जिल्ह्यांना सूट मिळते आणि इलिनॉय-इंडियानातल्या शाळा तर ऑगस्टच्या मध्यालाच भरतात. त्यामुळे ऑगस्टच्या शेवटच्या दहा दिवसांत गर्दी एकदम ओसरते आणि पाणी मात्र अजून तापलेलं असतं. तुमच्या मुलांची शाळा तोवर सुरू होत असेल, तर ही खिडकी सासू-सासऱ्यांबरोबर एखाद्या लांब शनिवार-रविवारापुरती वापरा.

तुम्ही फेब्रुवारीत विचारताय, हे उत्तम. चांगल्या घरांच्या मालकांकडे मागच्या वर्षीच्या पाहुण्यांना त्याच आठवड्याचा पहिला हक्क असतो. त्यांनी नको म्हटलं की ते आठवडे जानेवारी-फेब्रुवारीत बाहेर येतात. नंतर मेच्या शेवटी रद्द झालेली बुकिंग पुन्हा दिसतात, पण त्या भरवशावर सहा जणांनी राहू नये. तंबूत राहायची हौस असेल तर मिशिगनच्या स्टेट पार्कांमधल्या जागा सहा महिने आधी उघडतात आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा बघताबघता संपतात.

आता घराविषयी. जाहिरातीची भाषा वाचायला शिका. 'लेकफ्रंट' म्हणजे घर पाण्याला लागून आहे, पण ते कोणतं लेक हे विचारा. 'लेक व्ह्यू' म्हणजे वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीतून, पानं गळल्यावर. 'लेक अ‍ॅक्सेस' म्हणजे रस्त्याच्या टोकाला एक अरुंद वाट, जिथे तुमच्यासारखी आणखी वीस घरं येतात. आणि पायऱ्या! लेक मिशिगनवरची पुष्कळ घरं कड्यावर आहेत आणि खाली जायला शंभर-सव्वाशे लाकडी पायऱ्या असतात. फोटोत पायऱ्या कधीच दिसत नाहीत, फक्त सूर्यास्त दिसतो. मालकाला सरळ विचारा: "दारापासून वाळूपर्यंत पायऱ्या किती? कठडा आहे का?" आकडा न सांगता "थोड्या आहेत" असं उत्तर आलं तर सासूबाईंसाठी ते घर नाही.

त्याच फोनवर आणखी एक मागा: बीचचा या वर्षीचा फोटो. या तळ्याची पातळी वर्षागणिक बदलते. जानेवारी २०१३ मध्ये ती नोंदीतली सर्वांत कमी होती, आणि २०२० मध्ये महिन्यामागून महिना उच्चांक मोडत गेला. दोन्हींत साधारण सहा फुटांचा फरक. त्या उंच पाण्यात कितीतरी घरांचे बीच गेले, जिने वाहून गेले, कडे ढासळले. पाणी नंतर उतरलं, पण जाहिरातीतला फोटो कुठल्या वर्षीचा हे जाहिरात सांगत नाही. मी स्वतः एका घराचा २०१२ चा फोटो सात वर्षं वापरात असलेला पाहिलाय. त्यातला बीच इतका रुंद होता की क्रिकेट खेळता आलं असतं. प्रत्यक्षात खुर्ची ठेवायलाही जागा नव्हती.

माणसांची संख्या खरी सांगा. "मुलं काय, गादी टाकून झोपतील" ही आपली सवय मला माहीत आहे, माझ्याही घरात हेच चालतं. पण इथे गावोगावी भाड्याच्या घरांना माणसांची कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते, आणि पुष्कळ घरांना सांडपाण्यासाठी सेप्टिक टाकी असते. आठ जणांच्या टाकीवर तेरा जण तीन दिवस राहिले की चौथ्या दिवशी काय होतं, ते मी पाहिलंय आणि त्याचं वर्णन करणार नाही. भाड्यावर ६ टक्के राज्य कर, सफाईचे पैसे, कधी चादरी-टॉवेलचे वेगळे पैसे लागतात. तुलना करताना शेवटचा आकडा बघा, पहिला नाही.

स्वयंपाकघर. यात आपल्या लोकांचा आठवडा तरतो किंवा बिघडतो. गावातल्या खाणावळी मासे, बर्गर आणि पिझ्झा देतात, नऊला आवरतात आणि शनिवारी तासभर रांग असते. शाकाहारी सासऱ्यांनी दोन दिवस चीज पिझ्झा कौतुकाने खाल्ला की तिसऱ्या दिवशी त्यांना वरण-भातच लागतो. म्हणून छोटा कुकर, एक कढई, तवा, मिसळणाचा डबा आणि धारदार सुरी घरून न्या. भाड्याच्या घरातल्या सुरीने टोमॅटोदेखील कापला जात नाही, याची मी हमी देते. वाटेतलं शेवटचं मोठं भारतीय दुकान शिकागोकडेच गाठा, पुढे भरवसा नको. भाज्या-फळांची मात्र चिंता नको. जुलैत चेरी, जुलै-ऑगस्टमध्ये ब्लूबेरी, ऑगस्टमध्ये पीच आणि मका, रस्त्याकडेच्या शेतातल्या टपरीवर. कित्येक ठिकाणी विकायला कुणी नसतंच. पेटीत पैसे टाकायचे आणि उचलायचं.

फोडणी देताना आधी खिडकी उघडा, पंखा लावा. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो, आजोबा दचकतात, मुलं रडतात. काही घरांत अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. गाडी आली की समजावत बसा. आणि पांढऱ्या ओट्यावर हळद सांडली तर तिथल्या तिथे पुसा. हळदीच्या डागांवरून डिपॉझिट कापताना मला माझ्याच लोकांसमोर किती अवघडल्यासारखं व्हायचं!

आता जे सगळ्यांत महत्त्वाचं आहे. मिशिगनच्या स्टेट पार्कांच्या बीचवर जीवरक्षक नसतात. गावांच्या बऱ्याच बीचवरही नसतात. झेंडे असतात: हिरवा, पिवळा, लाल. दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. पिवळ्या दिवशी पाच वर्षांच्या मुलाला मोठ्या तळ्यात गुडघ्याच्या वर नेऊ नका, लाल दिवशी कुणीच जाऊ नका. लाल झेंड्याखाली पोहणारे पंचवीस जण समोर दिसतील, आणि नेमकं त्यांच्याकडे बघून माणसं फसतात. समुद्राच्या लाटांमध्ये दम घ्यायला वेळ मिळतो. इथल्या लाटा चार-पाच सेकंदांच्या अंतराने येतात. उठलात की दुसरी डोक्यावर. शिवाय पाणी गोडं, त्यामुळे शरीर समुद्रात तरंगतं तितकं तरंगत नाही. कोकणात पोहायला शिकलेल्या बऱ्याच जणांना हे तिथे गेल्यावरच कळतं.

दीपगृहाकडे जाणारे जे लांब धक्के आहेत, त्यांच्या कडेने माणसाला तळ्यात आत खेचणारा पाण्याचा ओढा वाहतो. धक्क्याच्या जवळ पोहायचं नाही, अगदी शांत दिसलं तरी. आणि लाटा असताना धक्क्यावर फोटो काढायला जायचं नाही. एक लाट वरून येते आणि माणूस दुसऱ्या बाजूला असतो. ओढ्यात सापडलात तर काठाच्या दिशेने झुंजू नका. पाठीवर वळा, तरंगा, दम घ्या, ओढा कुठे नेतो ते बघा आणि तो सैल पडला की आडवं पोहून बाहेर या. अकरा वर्षांच्या मुलाकडून हे घरच्या तलावात दोनदा करून घ्या. नुसतं सांगून त्या क्षणी आठवत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र झेंडा काहीच सांगत नाही. पूर्वेचा वारा असला की या काठावर पाणी ताटासारखं सपाट दिसतं. आयांना वाटतं, आज किती छान, आज मुलांना फुगवायच्या फ्लेमिंगोवर बसवूया. तो वारा जमिनीकडून तळ्याकडे वाहत असतो, आणि हवेचा फ्लेमिंगो म्हणजे शीड. दोन मिनिटांत मूल पन्नास यार्ड आत. फुगवायची खेळणी हॅमलिन लेकवर न्या, तिथेही दोरी बांधून. मुलांना कोस्ट गार्डची मान्यता असलेलं लाइफ जॅकेट घाला; दंडावरचे फुगे नकोत. याच वाऱ्याबरोबर चावऱ्या माशाही किनाऱ्यावर येतात. घरमाशीसारख्या दिसतात, घोट्यांना चावतात आणि डासांच्या औषधाला फारशी दाद देत नाहीत. अशा दिवशी मोजे घाला किंवा सरळ ब्लूबेरी तोडायला जा.

म्हणून रोज सकाळी चहाबरोबर दोन गोष्टी बघायच्या: नॅशनल वेदर सर्व्हिसचा किनाऱ्याचा अंदाज (लाटा किती फूट, वारा कुठून) आणि जवळच्या बॉयवरचं (तळ्यात तरंगणारं मोजणीचं यंत्र) पाण्याचं तापमान. हे काम आजोबांना द्या. निवृत्त माणसाला आकडे आवडतात आणि घरात त्यांचा शब्द अंतिम राहतो. पश्चिमेचा हलका वारा असेल तर मोठं तळं. लाटा तीन फुटांवर किंवा पाणी साठच्या खाली असेल तर लहान तळं. दोन्हीला मन नसेल तर भटकंती.

भटकंतीचा एक दिवस स्लीपिंग बेअर ड्यून्सला ठेवा. लडिंग्टनहून दीड-पावणेदोन तास, ब्यूलाहून अर्धा तास. हा १९७० पासून राष्ट्रीय किनारा आहे. गाडीमागे २५ डॉलर, सात दिवस चालतात. आजी-आजोबांसाठी पिअर्स स्टॉकिंग ड्राइव्ह: ७.४ मैलांचा एकेरी रस्ता, ठिकठिकाणी थांबे, आणि एका कठड्यावरून ४५० फूट खाली लेक मिशिगन. तिथून लोक वाळूवरून खाली धावत जातात. पाच मिनिटांत खाली. वर यायला तास-दोन तास, चारी पायांवर, आणि दमून अडकलेल्यांना सोडवायला बचाव पथक बोलवावं लागतं. तुमच्या मुलाला तिथून हात धरूनच फिरवा. त्याची हौस फिटवायला ड्यून क्लाइम्ब ही चढायची वाळूची टेकडी आहे. तो चढ दमवणारा असला तरी आवाक्यातला आहे आणि खाली गाडीजवळ सावली आहे. फक्त "त्या टेकडीपलीकडे तळं आहे" या समजुतीने पुढे जाऊ नका. पलीकडे आणखी टेकडी असते, आणि तळ्यापर्यंत जाऊन येऊन साडेतीन मैल वाळू तुडवावी लागते. लहान मुलासाठी त्यापेक्षा त्याच किनाऱ्यावरचं प्लॅट नदीचं मुख बरं: उथळ, संथ, लेक मिशिगनपेक्षा ऊबदार.

सासूबाईंना वाळूत नेण्यासाठी एक सोय पुष्कळांना माहीत नसते. मिशिगनच्या बऱ्याच स्टेट पार्कांत रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी खुर्ची असते, तिला ट्रॅक चेअर म्हणतात. भाडं नाही, पण आधी फोन करून वेळ घ्यावी लागते. "मला काय अपंग समजता?" असं त्या आधी म्हणतील. एकदा बसल्या की उतरणार नाहीत.

स्टेट पार्कांना बाहेरच्या राज्याच्या गाडीला पास लागतो, दिवसाचा किंवा वर्षाचा. आठवड्यात तीन-चार वेळा जाणार असाल तर दोन्ही दर ताडून बघा.

निघायची वेळ: शुक्रवारी संध्याकाळी शिकागोतून बाहेर पडू नका. शनिवारी सकाळी सहाला निघा आणि वाटेत सेंट जोसेफला सिल्व्हर बीचवर थांबा. मुलांसाठी मेरी-गो-राउंड आणि कारंजी आहेत, तासभर जेवण-खाण. मिशिगनची हद्द लागली की घड्याळ एक तास पुढे जातं, हे घराचा ताबा घ्यायच्या वेळेत धरा. याच तासामुळे सूर्य जुलैत साडेनऊच्या आसपास मावळतो. मुलांच्या झोपेचं वेळापत्रक घरीच ठेवून या. सूर्यास्तानंतर मात्र हवा झटकन गार होते. आजी-आजोबांचे स्वेटर जुलैतही बरोबर हवेत. त्यांचा प्रवासी विमा आणि औषधांची यादी गाडीत ठेवा, कारण गावातली छोटी दवाखान्याची केंद्रं संध्याकाळी बंद होतात. जळाऊ लाकूड घरून आणू नका. अ‍ॅश झाडं मारणारे किडे लाकडाबरोबर पसरतात, म्हणून ते गावातच विकत घ्यायचं.

मुलांना पेटॉस्की दगड शोधायला लावा. षटकोनी नक्षीचे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्रवाळाचे हे जीवाश्म १९६५ पासून मिशिगनचा राज्य-दगड आहेत. कोरडे असताना साधे करडे दिसतात, ओले केले की नक्षी उमटते, म्हणून पाण्याच्या कडेनेच शोधायचे. फ्रँकफर्टपासून उत्तरेला जास्त सापडतात. राज्याच्या जागेवरून माणशी वर्षाला २५ पौंडांपर्यंत नेता येतात. स्लीपिंग बेअरच्या हद्दीतून एकही नाही.

शेवटच्या शनिवारी दहाला घर सोडायचं असतं. बादल्या, चपला, पोहण्याचे कपडे आदल्या रात्रीच बाहेर नळाखाली धुवा, नाहीतर पुढच्या मार्चपर्यंत गाडीतून वाळू निघेल. सोड्याच्या रिकाम्या बाटल्या-कॅन फेकू नका. मिशिगनमध्ये एकेकीला दहा सेंट परत मिळतात, किराणा दुकानातल्या मशीनमध्ये टाकायचं काम मुलं आनंदाने करतील. आणि किल्ली ठेवायच्या आधी, घर आवडलं असेल तर, मालकाला विचारा की पुढच्या वर्षीचा हाच आठवडा आपल्या नावावर धरून ठेवाल का. डिपॉझिट तेव्हा लागत असेल तर तिथेच द्या.